माळशेजच्या माथ्यापर्यंत

सुमतीबाईंच्या पायाला भिंगरी होती आणि नशिबानं राहायला मिळालं ते आळेफाट्यावर. फाट्यावर राहायला कुणी येत नाही, सगळे तिथून कुठंतरी जायला येतात. पुण्याची एस.टी. नाशिकला निघालेली, कल्याणची नगरला; आणि हे दोन्ही रस्ते जिथं एकमेकांना छेदतात तिथून पन्नास पावलांवर गुलाबचंद शेठचं किराणा दुकान. दुकानामागं दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीच्या खिडकीतून चारही रस्ते दिसायचे. ती खिडकी बाईंना बसू द्यायची नाही. कणकेचे हात तसेच घेऊन त्या जिना चढायच्या, कुठली गाडी कुठं निघाली ते बघून यायच्या आणि पुन्हा परातीशी बसायच्या. पोळ्या व्हायला तास लागायचा, म्हणून सासूबाई चिडायच्या.

माहेर नगरचं. लग्नानंतरच्या दहा वर्षांत फिरणं काय झालं, तर नाशिकला दोन लग्नं, पुण्याला एक डोळ्यांचं ऑपरेशन (सासऱ्यांचं), आणि पावसाळ्यात एकदा माळशेजचा माथा. फाट्यावरून मात्र दर सुट्टीला जीप भरभरून लोक जायचे. तेव्हाची सहल म्हणजे एका कमांडर जीपमध्ये चौदा माणसं, टपावर सतरंज्या, पातेली आणि स्टोव्ह. कुणी विचारलं कुठं निघालात, की आतून एखादी बाई ओरडून सांगायची, "समुद्राला." तो शब्द ऐकला की जीप दिसेनाशी होईपर्यंत सुमतीबाई खिडकीतून हलायच्या नाहीत. समुद्रच का, ते त्यांना सांगता आलं नसतं. बहुधा पुढं रस्ता संपतो, म्हणून.

ब्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला बाजारातल्या पाच कुटुंबांनी अलिबागला जायचं ठरवलं. सुमतीबाई तेव्हा तिशीच्या. दोन दिवस आधीपासून त्यांच्या पुऱ्या, खाखरे, शेंगदाण्याची चटणी चालली होती. मुलगा विपुल आठ वर्षांचा, तो झोपेतसुद्धा लाटा म्हणत होता. आणि आदल्या संध्याकाळी गुलाबचंद शेठ वजनकाट्यावरून नजर न उचलता म्हणाले, "आपल्याला जमणार न्हाई. दुकान बंद ठेवता येत न्हाई."

बास. त्यापुढं एक अक्षर नाही. मूळचाच अबोल माणूस. बाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला स्वाभिमान आड आला. सकाळी जीप खिडकीखालूनच गेली. पुऱ्यांचा डबा शेजारणीच्या हाती देऊन सुमतीबाईंनी हसून हात हलवला आणि मग खिडकी लावून घेतली.

त्याच सकाळी चार साध्वी पायी विहार करत फाट्यावर आल्या होत्या आणि जैन स्थानकात त्यांचं प्रवचन होतं. सुमतीबाई गेल्या, कारण घरात थांबल्या असत्या तर काहीतरी फुटलं असतं. त्यांतल्या थोरल्या साध्वी, महासतीजी, नेमक्या दिशांच्या व्रतावर बोलत होत्या. माणसाची हाव पायांतून वाढते, तेव्हा गृहस्थानं चारी दिशांना आपली हद्द ठरवावी आणि जन्मभर ती ओलांडू नये. कुणाची आहे तयारी, म्हणून त्यांनी विचारलं. स्थानकात सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि सुमतीबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"पूर्वेला नगर," त्या म्हणाल्या. "उत्तरेला नाशिक. दक्षिणेला पुणं."

"आणि पश्चिमेला?"

"माळशेजचा माथा."

महासतीजींनी एकदा रोखून बघितलं. "विचार करून सांगते आहेस ना, बाई?" बाई म्हणाल्या, हो. विचार कसला, नुसता संताप होता. नाही ना न्यायचं? मग बघाच आता, कशी जात नाही ते. त्या झटक्यात सासऱ्यांचं मारवाडातलं गाव हद्दीबाहेर गेलं, आणि कल्याणच्या नणंदेचाही परस्पर निकाल लागला. नणंद राखीला स्वतःच यायची, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. महासतीजींनी पच्चक्खाण, म्हणजे व्रताची प्रतिज्ञा, दिली, बायकांनी धन्य धन्य म्हटलं, दोघीतिघींनी डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी राग ओसरला आणि सुमतीबाईंना आपण काय करून बसलो ते कळलं. पण तोवर उशीर झाला होता. गुलाबचंद शेठ, जे गिऱ्हाइकाला भावापलीकडे शब्द बोलत नसत, ते साखर जोखताना सांगू लागले होते, "आमच्या घरातून दिशांचं व्रत घेतलंय. जन्माचं." सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की तसा तो विपुलच्या जन्मालाही फुलला नव्हता. त्या चेहऱ्याला कोण सांगणार की हे व्रत नाही, फुरंगटणं आहे? दर संवत्सरीला दोघं हात जोडून एकमेकांची क्षमा मागायचे, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर. सुमतीबाई ते शब्द भराभर म्हणून टाकायच्या आणि उठून कामाला लागायच्या.

पाय मात्र ऐकत नव्हते. गावातल्या गावात त्या दिवसाला दहा फेऱ्या मारायच्या. पुण्याला गेल्या तर कात्रजपर्यंत बसनं जाऊन परत यायच्या, उगाच. आणि जो कुणी समुद्र बघून येईल त्याला धरून बसवायच्या. बोरी बुद्रुकच्या लंकाबाई दर मंगळवारी दुकानात यायच्या. कांद्याचे पैसे आले की गावातल्या बायकांना घेऊन जीपनं कुठंतरी जाऊन येणारी ही बाई.

"सांगा ना लंकाबाई, कसा होता समुद्र?"

"आता काय सांगू, भाभी. आपल्या नदीला पलीकडचा काठ आस्तो. त्याला न्हाईच."

"मग डोळा कुठं ठरतो?"

"ठरतच न्हाई. पानी नुसतं येतंय न् जातंय. कामधंदा न्हाई त्याला काय." लंकाबाई पिशवी उचलत म्हणायच्या. "पर येकदा बघाच तुमी. तुमचं ते बरत संपलं की या आमच्यासंगं."

ते संपणारं नव्हतं. लंकाबाई गेल्या की सुमतीबाई हाताला लागेल ते आवरत सुटायच्या. तांदळाचे डबे उतरवायच्या, पुसायच्या, पुन्हा चढवायच्या.

वर्षं गेली. रस्ता रुंद झाला. जीपा जाऊन टवेरा आल्या. टपावरची पातेली गेली आणि माणसं नुसत्या पाण्याच्या बाटल्या घेऊन निघू लागली, शनिवारी मनात आलं की रविवारी समुद्रावर. विपुलचं लग्न झालं, त्यानं इंडिका घेतली, आणि दर हिवाळ्यात तो नि सून चेतना अलिबाग, काशीद, दिवेआगर करू लागले. त्यांचे डबे सुमतीबाईच भरायच्या. मुरबाडनंतर कर्जतकडं कुठं वळायचं, पेणला चहा कुठं घ्यायचा, हे न जाता त्यांना तोंडपाठ होतं. विपुल एकदा वाट चुकला तेव्हा त्यानं घरी फोन करून आईलाच विचारलं. त्यांनी बरोबर सांगितलं, फोन ठेवला, आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दोन हजार आठच्या जानेवारीत त्यांनी वेगळीच टूम काढली. "या वेळी पप्पांना घेऊन जा," त्या विपुलला म्हणाल्या. "घरातल्या एका तरी जाणत्या माणसानं समुद्र बघावा आणि मला नीट येऊन सांगावा. तुम्हा पोरांना सांगता येत नाही. मस्त होता, म्हणता नि मोकळे होता."

गुलाबचंद शेठनी आधी दुकान सांगितलं, मग गुडघा, मग तेलाची गाडी येणार म्हणून सांगितलं. विपुलनं दुकानाला कुलूप घातलं आणि किल्ली आईकडे दिली. सकाळी शेठ गाडीत बसले ते फाशीला निघाल्यासारखे. सुमतीबाई माथ्यापर्यंत सोबत गेल्या, तिथून एस.टी.नं परत यायचं ठरलं होतं.

माथ्यावर बोचरं वारं होतं. त्या उतरल्या, सगळ्यांना नीट जा म्हणाल्या आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. इथवर त्या पंधरा-वीस वेळा आल्या असतील. दरवेळी इथं आलं की तळपायाला मुंग्या यायच्या. इंडिका पहिल्या वळणाला दिसेनाशी झाली, खाली पुन्हा दिसली, आणि दुसऱ्या वळणावर एकदम कडेला थांबली. दार उघडलं. शेठचा पांढरा सदरा बाहेर आला, कठड्याला धरून कमरेत वाकला, आणि तसाच राहिला.

छातीत कळ आली, एवढंच त्यांच्या मनात आलं. पदर खोचून त्या उतारावरून सुटल्या. एका ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, चप्पल एकदा निसटली, ती त्यांनी हातात घेतली. धापा टाकत त्या पोचल्या. चेतना सासऱ्यांची पाठ चोळत होती.

"छातीत दुखतंय का?" सुमतीबाईंनी विचारलं.

गुलाबचंद शेठनी मान हलवली आणि पुन्हा एकदा ओकले. मग तोंड पुसत म्हणाले, "छातीचं काय न्हाई. घाट लागतो मला. पोरवयापासनं."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? जीपमध्ये सगळा बाजार बसलेला, त्यांच्या बायका. पाच वळणांत सगळ्यांच्या अंगावर केलं असतं मी." ते थांबले. "म्हणून दुकान पुढं केलं व्हतं त्या वेळी."

सुमतीबाईंनी हातातली चप्पल खाली टाकली. सोळा वर्षं. एक लिंबू हुंगलं असतं तर निभावलं असतं. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं.

"मम्मी," चेतना हळूच म्हणाली, "तुम्ही माथ्याच्या खाली आलात."

त्यांनी वर पाहिलं. माथा चांगलाच उंच राहिला होता. आता लपवायला काही उरलं नाही असं त्यांना वाटलं आणि त्या नवऱ्याला सांगून बसल्या. "ते व्रत मी रागानं घेतलं होतं. तुमच्यावरच्या. त्यात धरम काही नव्हता."

शेठचा चेहरा आधीच पांढरा पडला होता, तो आणखी उतरला. "सोळा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो मी," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. वर ऐकू यायचं."

शेठनी बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, सदरा झटकला. "राग माझ्यावरचा व्हता ना? मग माझ्यापुरतं मी तुला त्यातनं सोडलं. बाकीचं तू महासतीजींना विचार." त्यांनी गाडीकडं बोट केलं. "बस. जाऊन ये."

"आणि तुम्ही?"

"मी चढून जातो. मला खाली नेलंत तर मुरबाडच्या दवाखान्यात ठेवावं लागंल."

सोबत येते, असं सुमतीबाईंनी म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. इतकं जावंसं वाटत होतं की लाजसुद्धा बाजूला पडली. दोष लागायचा तो लागलाच आहे, परत आल्यावर महासतीजींपुढं सगळं कबूल करायचं आणि देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं, असं ठरवून त्या गाडीत बसल्या. मागच्या काचेतून सदरा दिसत होता, हळूहळू चढ चढणारा. वळण आलं आणि तो दिसेना.

पुढचा सगळा रस्ता त्यांना ओळखीचा होता आणि कशातच लक्ष नव्हतं. मुरबाडला त्यांनी विचारलं, एस.टी. मिळाली असेल का? कर्जतला पुन्हा विचारलं. पेणला चहा घेतला नाही. "मम्मी, आता तरी निवांत बसा," विपुल म्हणाला, पण निवांत बसणं त्यांना कधी जमलं होतं?

चारच्या सुमाराला त्या अलिबागच्या वाळूत उभ्या होत्या. लंकाबाईंनी सांगितलेलं सगळं खरं होतं: पलीकडचा काठ नव्हता, डोळा ठरत नव्हता, पाणी येत होतं नि जात होतं. साडी भिजत होती. विपुलनं मोबाइलवर घरचा नंबर लावून दिला. पलीकडं शेठनी फोन उचलला तो दुकानातूनच. विपुलनं घातलेल्या कुलपाची दुसरी किल्ली दाराच्या चौकटीवर असते हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"पोचलात?"

"पोचलो. तुम्ही?"

"अकराच्या गाडीनं आलो. ताक घेतलं, बरं हाय." मग जरा थांबून, "दिसला का?"

"दिसला."

"कसा हाय?"

सोळा वर्षं त्या लोकांकडून एवढंच एक विचारत आल्या होत्या. त्यांनी फोन कानाचा काढला आणि हात लांब करून पाण्याकडं धरला. एक लाट आली, फुटली, पोटऱ्यांपर्यंत चढली आणि पायांखालची वाळू ओढत मागं गेली. मग दुसरी आली. त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडं कुणीतरी अर्धा किलो साबुदाणा मागत होतं, आणि शेठ त्याला उत्तर देत नव्हते.

"अगं," ते म्हणाले, "जरा मागं हो. लई जवळ आलंय ते."

सुमतीबाई दोन पावलं मागं सरल्या.