झाकलेल्या काचेतला ठिपका

फौजेतला नायक सिद्धार्थ पिंगळीचा, मी बोरीचा. दोघंही परभणी जिल्ह्यातले, पण भेटलो ते थेट उत्तरेच्या पोस्टवर. पोस्ट एका नाल्याच्या वर होती. सकाळी नाल्यातून धुकं चढायचं आणि तारेचं कुंपण, बंकर, सेंट्रीचं हेल्मेट एकेक करून दिसेनासं व्हायचं. पहाटे सगळे हत्यार घेऊन सज्ज बसतात, त्या स्टँड-टूच्या वेळी सिद्धार्थ हळूच म्हणायचा, "दत्ता, बघ आता, ह्यातून आपली पॅसेंजर येतीया." मला खरंच रुळांचा आवाज आल्यासारखं वाटायचं. घरापासून इतक्या लांब असलं खोटं ऐकायलाही बरं वाटतं.

त्या हिवाळ्यात ट्रायलसाठी स्वस्तातल्या रेड डॉट साइट आल्या. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रायफलवर बसणारी ही छोटी नळी. पुढं काच, आत सेल. मागून बघितलं की लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं. समोरून मात्र तो कुणाला दिसत नाही. तो काचेवर नसतो, झाडावरही नसतो, फक्त बघणाऱ्यापुरता असतो. याचं नवल मला अजून वाटतं.

महागड्या साइट सगळ्या जवानांना मिळणं अवघड होतं. आमच्या कंपनी कमांडर मेजर साहेबांचा हुकूम सरळ होता.

"वापरा. आपटा. जी टिकेल ती मागवू."

आम्ही त्या बर्फात पुरल्या, दगडावर टाकल्या, ट्रकच्या फाळक्याला बांधून फिरवल्या. रेंजवर माझी एकच अडचण होती. माझा डावा डोळा आपोआप मिटायचा. लहानपणी गलोलीनं चिंचा पाडल्या, ती खोड. सिद्धार्थ डोक्यात टपली मारायचा.

"गलोल न्हाई ही, फौजी. दोनी डोळे उघडे ठेव."

एकदा त्यानं साइटच्या पुढच्या काचेवर झाकण लावलं आणि म्हणाला, "आता बघ." मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. उजव्या डोळ्याला अंधार आणि लाल ठिपका, डाव्याला मोकळा डोंगर. क्षणभरानं दोन्ही एकमेकांवर बसले आणि ठिपका डोंगरावर तरंगायला लागला. नळी बंद असताना. मी खुळ्यासारखा हसलो. पण दुसऱ्या दिवशी डोळा पुन्हा मिटलाच.

मग ती सकाळ आली. आम्ही पाच जण पेट्रोलवर निघालो. नाला ओलांडताना वरच्या उतारावरून फायर आला. मी चिखलात पालथा पडलो. सिद्धार्थ उजवीकडे एका दगडाआड होता. त्यानं एक राउंड सोडला आणि ओरडला.

"माझा ठिपका गेला! तुझा?"

"काचेवर चिखल बसलाय!"

"पुसत बसू नको! दोनी डोळे उघड!"

मी उघडले. एका डोळ्यात धुकं आणि उतार, दुसऱ्यात काळोख आणि ठिपका. ठिपका धुक्यातून चालत गेला आणि एका झुडपावर थांबला. झुडपाच्या मागून बंदुकीच्या नळीची चमक दिसत होती. मी ट्रिगर दाबला. पुन्हा दाबला. वरचा फायर थांबला.

सिद्धार्थची साइट पहिल्याच धक्क्यानं विझली होती. ती काढून रायफलच्या मूळ लोखंडी साइटवर यायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढा समोरच्याला पुरला, माझी गोळी सुटायच्या आधीच. आधी तो मला ओरडून सांगत बसला, त्यातही वेळ गेला. मी रेडिओ घेतला.

"वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर," मेजर साहेबांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसती खरखर येत राहिली.

पुढं मी हवालदार म्हणून रिटायर झालो आणि बोरीला शेती बघायला लागलो. मेजर साहेबही रिटायर झाले आणि साइट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याला सल्ला द्यायला लागले. यंदा उन्हाळा लागताना त्यांचा फोन आला. "स्वस्त साइट आहे. जवानांच्या हातात जाणार आहे. ऊन, धूळ आणि धक्के यांची टेस्ट तू कर. तू पास म्हणशील तर पुढं पाठवतो."

बंदूक नव्हती, नुसत्या साइट आल्या, दोन नमुन्यांच्या. मी ओट्यात एक लोखंडी पट्टी पक्की गाडली आणि शेतापलीकडच्या लिंबाच्या खोडावर चुन्याची खूण केली. रोजचा कार्यक्रम ठरला. साइट पत्र्यावर तापवायची, हरभऱ्याच्या भुसात लोळवायची, विहिरीत बुडवायची, मळणी यंत्राला बांधायची. मग पट्टीवर बसवून ठिपका चुन्यावर पडतो का बघायचं.

"पलटण सुटली, पर खेळणं काय सुटंना तुमचं," माझी बायको सुमन म्हणायची. पण यंत्र चालू करायच्या आधी साइटची दोरी तीच तपासायची.

हसण्यावारी नेण्यासारखं हे काम नव्हतं. माझ्या पासवर एखाद्या पोराच्या हातातला ठिपका विझला तर? मला भीती वाटत होती. दुपारी ओट्यावर डोळा लागला की शेतावरची झळ हलताना दिसायची, तिचं धुकं व्हायचं आणि त्यातून सिद्धार्थ यायचा, साइटवर हातानं मारत. मी उठून पुन्हा पट्टीपाशी जायचो.

पहिला नमुना मळणी यंत्रावर गेला. ठिपका मिचमिचला आणि विझला. मी तिथंच शिवी हासडली. दुसरा टिकला, पण खड्यांनी त्याची पुढची काच पार आंधळी झाली. अशी साइट पास करायची का? दोन दिवस मी ती नुसती हातात घेऊन फिरलो.

तिसऱ्या दिवशी सिद्धार्थचे वडील आले. पिंगळीहून रेल्वेनं परभणी, तिथून एसटीनं बोरी. वर्षातून एकदा येतात, चहा घेतात, पिकापाण्याचं बोलतात आणि जातात. मुलाबद्दल त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"जय भीम, बाबा. या."

"जय हिंद, फौजी. हे काय करायलाव?"

मी सांगितलं. ते पट्टीपाशी वाकले आणि त्यांनी एक डोळा मिटला.

"लाल हाय कायतरी. पर काच तर आंधळी हाय. म्होरलं काईच दिसंना."

"दोन्ही डोळे उघडे ठेवा, बाबा."

त्यांनी मिटलेला डोळा उघडला. मग त्यांचा आवाज बदलला.

"आरं, चुन्यावर बसला की! काच बंद असून कसा काय दिसायलाय?"

"हे मला तुमच्या सिद्धार्थनं शिकवलं. त्या दिवशी असंच बघितलं म्हणून मी वाचलो. त्याचं शेवटचं बोलणं तेच होतं."

त्यांनी मान वर केली नाही. साइटला डोळा लावूनच विचारलं,

"मंग त्याचे उघडेच होते का?"

"होते. दोन्ही. मीच हातानं मिटले, बाबा."

लिंबाची पानं हलत होती. सुमन चहाचे कप घेऊन दारातच थांबली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मेजर साहेब होते.

"काय ठरलं? पास की फेल?"

मी बाबांकडं पाहिलं. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण डोळे दोन्ही उघडे होते.

"हाय," ते साइटमधूनच बघत म्हणाले. "अजून हाय."

"दुसरा नमुना पास, सर," मी म्हणालो. "काच गेली तरी ठिपका टिकतो. पण प्रत्येक पोराला आधी दोन्ही डोळ्यांनी बघायला शिकवा."

"ठीक. शेवटची तपासणी कुणी केली?"

"नायक सिद्धार्थच्या वडिलांनी, सर."

फोनवर बराच वेळ नुसती खरखर येत राहिली.