अंगठ्याचा तास

लोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. तिथल्या जीवशास्त्राच्या मॅडम मूळच्या उदगीरकडच्या. त्या हळू बोलतात आणि प्रत्येक मुद्द्यानंतर "हाव का न्हाई?" असं विचारून उत्तर येईपर्यंत थांबतात. हाताचे स्नायू शिकवायचे असले की त्या मला वर्गात बोलावतात. गुरुदक्षिणा म्हणून अंगठा कापून देणाऱ्या शिष्याची जुनी कथा मी सांगायची. मग त्या मुलांना अंगठा रुमालानं तळहाताशी बांधून लिहायला लावतात.

यंदा लिहिता लिहिता एक मुलगी थांबली. सहामाहीत तिला कमी गुण पडले, म्हणून मॅडमनी तिला सायन्स सोडायला सांगितलं होतं.

"मॅडम, अंगठा मागितल्यावर त्या गुरूला झोप लागली असंल का?" तिनं विचारलं.

मॅडमनी तिच्या अंगठ्यावरचा रुमाल सोडला. तास तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा वर्गात बसवलं आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाल्या, "तुला सायन्स सोड म्हणाले, ते तुझ्या भल्यासाठी न्हाई. कॉलेजचा निकाल खाली येऊ नये म्हणून. माझं चुकलं. तू इथंच शिक."

मुलगी हसली नाही. "वडलांना आता पटायचं न्हाई, मॅडम. मला जमत न्हाई, असं तुम्हीच त्यांना सांगितलं."

कॉलेज सुटल्यावर तिच्या वडलांना भेटायला मॅडम तिच्यासोबत तिच्या गावच्या बसमध्ये चढल्या. दोघी शेजारी बसल्या.