रिबिनीखालून चार्जिंग

सासूबाईंची रेल्वे दुपारी परळीला येणार होती आणि माझ्या कारची बॅटरी वडवणीतच संपत आली. गावाबाहेरच्या हॉटेलात नवा चार्जिंग पॉइंट होता, पण त्याला लाल रिबीन बांधलेली.

"उद्घाटन व्हायचंय, ताई. साहेब येईपर्यंत हात लावायचा न्हाई," मालक म्हणाला. साहेब कधी येणार, हे त्यालाही माहीत नव्हतं. मशीन मात्र चालू होतं.

"रिबीन कापायची नाही ना? मग वायर तिच्याखालून ओढा."

त्यानं जरा विचार केला. "तसं चालंल. रिबीन शाबूत पायजे."

बॅटरी अर्धी भरली, तेवढ्यात साहेब डिझेलच्या गाडीतून उतरले. मालकानं धावत येऊन वायर काढली. साहेबांनी रिबीन कापली, नारळ फोडला आणि तीच वायर पुन्हा माझ्या कारला लावली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, बॉनेटवर झेंडूचा भला मोठा हार चढला. तो सोडवत बसायला वेळ नव्हता. तशीच निघाले आणि रेल्वेच्या आधी परळीला पोचले.

सासूबाईंनी बॅग माझ्या हातात दिली आणि कारकडे पाहिलं.

"हार कावून गं? कोण निवडून आलं?"