खणात राहिलेला रिपोर्ट

अलेक्झांड्रियाच्या त्या डायलिसिस केंद्रात समीहाचा दरारा असा, की तिचा चहा आल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या टेबलावर पेला जात नसे. कुठला रुग्ण कोणत्या खोलीत, कोणत्या मशीनवर, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिने ऐन तरुणपणी कोबॉल या जुन्या संगणकभाषेत लिहिला होता. ‘माझा प्रोग्रॅम एकदाही पडला नाही’ हे ती इतक्यांदा ऐकवी, की लोक तोंडावर माना डोलवत आणि पाठीमागे तिची नक्कल करत.

आता तोच प्रोग्रॅम नवा आलेला तामेर जावा या नव्या भाषेत पुन्हा लिहीत होता. पोरगा हुशार, जीभ जरा जास्तच लांब. दोन्ही प्रोग्रॅम एकाच माहितीवर शेजारी शेजारी चालवून बघायचं ठरलं. जुना सुतासारखा सरळ चालला. नवा मात्र रिज्कच्या नावाशी येऊन धाडकन आपटला. रिज्क म्हणजे सगळ्यांचा अम्म रिज्क, रिज्ककाका, केंद्रातला जुना रुग्ण.

“पडला का रे तुझा पैलवान?” समीहा म्हणाली.

“मॅडम, यांच्या रक्ततपासणीची नोंदच नाहीये. नसलेली वस्तू मागितली की जावा बोंब मारतो. तुमचा का नाही मारत?”

“माझ्याला अक्कल आहे!”

सगळे खो खो हसले. संचालकांनी तामेरला सर्वांदेखत झापलं आणि जुनाच चालू द्या म्हणाले. समीहाला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! पण खुर्चीत टेकल्यावर पोराचा प्रश्न तिला सोडेना. नोंदच नाही, तर तिचा प्रोग्रॅम अम्म रिज्कला संसर्गाच्या काविळीचा रुग्ण म्हणून वेगळ्या खोलीत कशाच्या जोरावर बसवत होता?

तिने जुना कोड उघडला. जावात दर नोंदीची वस्तू नवी, वेगळी. नोंद नाही तर वस्तूही नाही. तिने कोबॉलमध्ये मात्र एकच खण ठेवला होता. नोंद त्यात येऊन पडायची, पुढची आली की आधीची पुसली जायची. पुढची आलीच नाही, तर आधीची तशीच पडून राहायची. म्हणून दर वाचनानंतर ‘सापडली का?’ असं विचारायचं असतं. हे तिने किती पोरांना दरडावून शिकवलं होतं! आणि या एका जागी बाईसाहेबांनी स्वतःच विचारलं नव्हतं.

अम्म रिज्कच्या रक्ताचा नमुना कुठे गहाळ झाला देव जाणे. यादीत त्याच्या आधीच्या बाईची कावीळ खणात राहिली आणि त्याला चिकटली. आजारी ठरलेल्याला पुन्हा कुणी तपासत नसे.

क्षणभर, छे, खोटं कशाला बोला, चांगला तासभर समीहाला वाटत राहिलं की गप्प बसावं. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि तामेरची शोभा तर होऊन गेलीच होती. हा तासभर तिला पुढे चुकीपेक्षाही जास्त डाचला.

शेवटी ती उठून संचालकांकडे गेली. “पोराचा प्रोग्रॅम पडला ते बरंच झालं. चूक माझी आहे. अम्म रिज्कचं रक्त आजच तपासा.”

रक्त स्वच्छ निघालं. नर्स म्हणाली, “मी फोन करते.” “नको,” समीहा म्हणाली, “मीच जाते.”

अम्म रिज्क अन्फूशीच्या किनाऱ्यावर होड्या रंगवायचा. त्याच्या घरी तिने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्याची बायको अल्लाचे आभार मानत रडायला लागली. हा आता शिव्या घालील, समीहाला वाटलं. घालू दे, तेवढंच बरं वाटेल.

“म्हणजे मला कधी नव्हतंच?”

“नव्हतं, अम्म. माझ्यामुळे झालं सगळं. वाटलं तर माफ करू नका.”

त्याची नात खोलीभर दुडुदुडु धावत होती. “ही झाली तेव्हा सून माझ्या मांडीवर द्यायला आली होती,” तो म्हणाला. “मीच म्हटलं, लांब ठेव.”

त्याने दोन्ही हात पुढे केले. “ये गं.” पोर आजीच्या झग्यामागे जाऊन लपली.

“सवय नाही तिला,” तो समीहाला म्हणाला, जशी काही तिचीच समजूत काढत होता.