तात्यांचं मौन

परळच्या आमच्या ध्यानवर्गात तात्यांच्या बैठकीला तोड नव्हती. दर रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तासभर डोळे मिटून बसायचो. कुणाच्या पायाला मुंग्या यायच्या, कुणी खोकायचं, कुणी हळूच घड्याळ बघायचं. घड्याळ बघणाऱ्यांतला मी एक. तात्या मात्र सत्तरीतही ढिम्म हलायचे नाहीत. वर्ग चालवणाऱ्या सुमेधाताई नव्या माणसाला त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "असं बसायचं."

तात्या लालबागचे, मूळ मालवणकडचे. उभा जन्म रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेला. तिथले ट्रकवाले म्हणे त्यांच्या आवाजाला टरकायचे. आमच्याकडे आले तेव्हा मात्र 'नमस्कार'च्या पुढे गाडी जात नव्हती. ध्यानाने माणूस किती बदलतो, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. आम्हाला तेच ऐकायचं होतं म्हणा.

मे महिन्यात नागपूरहून एक वयस्कर बौद्ध भन्ते यायचे होते. त्या दिवशी घरच्यांनाही बोलवायचं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून, नेहमीसारखं मौन पाळून जेवायचं, असं ठरलं. तात्यांच्या पत्नी बकुळाकाकी पहिल्यांदाच आल्या. त्यांच्यामागून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं जड पातेलं घेऊन त्यांचा मुलगा अवधूत आला. तात्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि जाऊन आसनावर बसले.

ध्यान संपल्यावर भन्ते तात्यांकडे बघून म्हणाले, "यांची शांतता बघा. घरच्यांना किती सुख असेल!"

बकुळाकाकी मागे खुर्चीवर होत्या. त्या तिथूनच बोलल्या, "घरी पण असेच बसतात हो. लग्न झाल्यावर पोराने अँटॉप हिलला वेगळं बिऱ्हाड केलं, तेव्हापासून तीन वर्षं त्याच्याशी एक शब्द नाय बोलले. आज पातेलं उचलायच्या निमित्ताने मीच त्याला आणलाय. तुम्ही तरी काहीतरी सांगा त्यांना."

सुमेधाताईंना नेमकं तेव्हाच पंख्याचं बटण शोधायचं काम निघालं. भन्ते तात्यांकडे वळले.

"मग ही शांतता नाही," ते म्हणाले. "हा राग आहे, मांडी घालून बसलेला. आज जेवताना मौन नाही. सगळ्यांनी बोलायचं."

एवढं बोलून ते भोजनाला उठले. तात्यांची मान खाली गेली होती. मला त्यांची कीव आली. उगाच त्यांचे गोडवे गाणाऱ्या आम्हा सगळ्यांचा रागही आला.

भन्तेंचं भोजन आटोपल्यावर आमची रांग लागली. घरच्यांपैकी ज्याने जे उचलून आणलं होतं, ते वाढायला तोच उभा होता. तात्या माझ्या पुढेच होते. सांबाऱ्याच्या पातेल्यापाशी ते न थांबता पुढे सरकतील असं मला वाटलं, पण थांबले. समोर ओगराळं घेऊन अवधूत.

त्याने भातावर एक ओगराळं ओतलं. मग दुसरं. एरवी पुरे झालं की आपण हात आडवा धरतो, पण तात्यांनी भरलेलं ताट दोन्ही हातांनी धरलं होतं. अवधूत ताटाकडे बघतच नव्हता, बापाच्या तोंडाकडे बघत होता. तिसऱ्या ओगराळ्यात भात बुडाला, रस्सा आमरसात शिरला. चौथं ताटाच्या काठावरून तात्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं. तरी पोराने पाचवं भरून घेतलं. बकुळाकाकींनी पदर तोंडाला लावला.

तात्यांचे ओठ हलले.

"पुरे रे," ते म्हणाले. "तुका काय उरतला मगे?"

ओगराळं तसंच हवेत राहिलं.

"आसा, बाबा," अवधूत म्हणाला. "खूप आसा."