राजकन्येचं जावळ

नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाची थीम ठरवायला आमच्या घरात अडीच महिने लागले. माझं लग्न ठरायला एक चहा पुरला होता.

आधी थीम जंगल होती, मग समुद्र. समुद्र रद्द झाला, कारण सुनेच्या ऑफिसातल्या कुणीतरी गेल्याच महिन्यात मुलासाठी समुद्र केला होता आणि एका ऑफिसात दोन समुद्र बरे दिसत नाहीत. शेवटी राजकन्या ठरली. राजेशाही जावी म्हणून माझे वडील निजामाच्या तुरुंगात आठ महिने बसून आले होते. आता त्यांच्या पणतीसाठी त्याच निजामाच्या शहरातल्या हिमायतनगरहून भाड्याचं सिंहासन येणार होतं. मी हे बोलून दाखवलं, तर मुलगा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, सिंहासन पॅकेजमध्येच आहे."

सून पुण्याची. काम कॉम्प्युटरचं, आणि ते ती ज्या नेटाने करते त्याच नेटाने तिने हा वाढदिवस हातात घेतला. जांभळा झगा आला. जांभळी फीत आणायला मला कोठीच्या बाजारात दोनदा पाठवण्यात आलं. पहिली फीत जांभळी नसून वांगी रंगाची निघाली. या सगळ्याच्या मधोमध होते नातीचे केस. पोर घरी आल्यापासून त्यांना कात्री लागली नव्हती. खांद्याच्या खाली गेलेले, टोकाशी वळणारे. सून दर रविवारी त्यांना तेल लावायची आणि त्या वेळी घरात कुणी तिच्याशी बोलायचं नसे. वाढदिवसाला इथल्या तेलुगू मुलींची असते तशी मोगऱ्याच्या कळ्यांची लांब वेणी त्या केसांत माळायची, सिंहासनावर बसवायचं आणि फोटो काढायचा, असा बेत होता. बाकी सगळी थीम त्या एका फोटोभोवती उभी होती.

केसांना कात्री लागली नव्हती, कारण जावळ व्हायचं होतं. पोर सातव्या महिन्यात जन्मली. दीड महिना दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तेव्हा माझ्या बायकोने कुलदेवीला कबूल केलं होतं, पोर घरी येऊ दे, पहिलं जावळ तुझं. आता जावळ करायचं तर विषम वर्षात, मुहूर्तावर, आणि मामाच्या मांडीवर. पहिली दोन जमतात. मामा कॅनडात. दोनदा त्याची रजा नामंजूर झाली. आता तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि पुढची संधी थेट पाचव्यात. तोपर्यंत आपले गुडघे थांबणार नाहीत, असं बायकोचं म्हणणं. देवीही थांबणार नाही, असंही.

मामाला अखेर आठ दिवसांची रजा मिळाली. तो बुधवारी पोचणार हे कळताच सुनेने रविवारची पार्टी पक्की केली, कारण मामा हवा. बायकोने गुरुजींकडून गुरुवारचा मुहूर्त काढला, कारण मामा हवा. दोघींनी आपापली तारीख मला सांगितली. दोन्ही तारखा मला तीन आठवडे माहीत होत्या. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. तिथे विरुद्ध मतांची पुस्तकं एका फळीवर ठेवली तरी ती आपापसांत भांडत नाहीत, आणि त्याची मला सवय झाली होती.

पार्टी करून देणाऱ्या बाई आमच्या बरकतपुऱ्याच्या फ्लॅटचा हॉल मोजायला आल्या, त्या दिवशी ते फुटलं. बाई टेप धरून उभ्या, सून त्यांना सिंहासनाची जागा दाखवतेय, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"गुरुवारी सामान आणू नका बरं. हॉल मोकळा लागेल, न्हावी येणार आहे."

"न्हावी कशाला, आई?"

"जावळाला."

"कुणाच्या?"

"तुझ्या सासऱ्यांच्या," बायको म्हणाली. माझ्या डोक्यावर गेली पंधरा वर्षं केस नाहीत.

सून माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?" बायकोही वळली. "अहो, रविवारचं तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी टेप गुंडाळली. धंद्यात त्यांनी याहून वाईट पाहिलं असावं. "अंकल, टेन्शन नक्को लेओ," त्या मला म्हणाल्या, "विग मिलता. काला भी मिलता, गोल्डन भी मिलता."

त्यानंतरचे दहा दिवस मी टपाल खात्यात होतो. स्वयंपाकघरातून निरोप निघायचा, "तिला सांगा, तिसरं वर्ष रविवारी संपतं." बेडरूममधून उत्तर यायचं, "आईंना सांगा, सोमवारी केलं तर देवी रजिस्टर तपासणार आहे का?" दोन्ही खोल्यांमध्ये एका विटेची भिंत आहे. एकमेकींचं सगळं दोघींना ऐकू येत होतं. तरीही प्रत्येक वाक्य मी उचलून चार पावलं नेऊन पोचवायचं, अशी पद्धत पडली. मुलाला मध्ये पडायला सांगितलं, तर त्याची नेमकी मीटिंग होती. त्याच्या मीटिंगा संकट ओळखतात.

मी एक मधला मार्गही काढला. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, अगदीच अडचण असेल तर पाच बटा कापल्या तरी चालतं. मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. बायको पोळ्या लाटत होती.

"देवीने पोर अख्खी दिली," ती लाटणं न थांबवता म्हणाली. "पाच बोटं नाही दिली."

हे भिंतीपलीकडे गेलं. या वेळी सून स्वतः दारात आली, पण बोलली माझ्याशीच.

"बाबा, त्या पेटीबाहेर दीड महिना मी उभी होते. सुई लावायला तिच्या डोक्यावरचे केस काढले होते. एवढंसं डोकं, त्याला चिकटपट्ट्या. मला ते डोकं पुन्हा बघायचं नाहीये. निदान त्या दिवशी तरी नाही. सगळे मोबाइल घेऊन उभे असतील तेव्हा."

मी इतके दिवस हे झग्याचं आणि फोटोचं प्रकरण समजत होतो. त्यावर मनात चांगली चार-पाच वाक्यंही जुळवून ठेवली होती. ती वाया गेली. बायकोचं लाटणं थांबलं होतं.

"मला तरी कुठे बघायचंय," ती पोळीकडे बघत म्हणाली. "म्हणूनच एकदाचं वाहून टाकायचं. दिलेला शब्द डोक्यावर घेऊन पोर किती दिवस हिंडणार?"

यावर निकाल देणं माझ्या पगारात नव्हतं. आता पगारही नाही.

मामा बुधवारी आला, झोप न झालेला. विमानतळावरून येतानाच टॅक्सीत त्याला दोन्ही बाजूंचे फोन येऊन गेले होते. "काका, मी नेमका कशासाठी आलोय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मांडीसाठी."

गुरुवारी सकाळी पाट मांडला. मामा बसला, मांडीवर नात. बायको समोर कोरं कापड पसरून बसली, कारण जावळाचे केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. सून बाल्कनीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. न्हाव्याने पहिली बट कापली आणि नातीने जो हंबरडा फोडला, तो थेट काचिगुडा स्टेशनापर्यंत गेला असावा. मामाला तिला धरता येईना. तो बिचारा मूल धरण्याइतका परिचयाचाच नव्हता, तिने त्याला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. न्हाव्याने कशीबशी डावी बाजू उरकली आणि तो हात वर करून थांबला. "नक्को साब, लग जाएगा." डावीकडचे केस गेलेले, उजवीकडचे तसेच. बायकोने न्हाव्यापुढे हात आडवा धरला. "राहू द्या," ती म्हणाली. "राहू द्या हो. देवीला कळतं." दहा दिवसांत जे मला तिच्याकडून वदवता आलं नव्हतं, ते ती आपणहून बोलली होती, आणि नेमकं अर्ध्यावर.

बाल्कनीचं दार उघडलं. सून आली, पाटाशी फतकल मारून बसली, मामाच्या मांडीवरून पोरीला न उचलताच तिचं डोकं तिने दोन्ही तळव्यांत धरलं आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. "बघ माझ्याकडे. माझ्याकडेच बघ." मग न्हाव्याला म्हणाली, "भैया, करो. जल्दी करो." शेवटपर्यंत तिने डोळे हलवले नाहीत. जे डोकं तिला बघायचं नव्हतं, ते ती चार बोटांवरून बघत होती. बायकोने त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेव्हा पोर स्वतःच्या टाळूवरून हात फिरवत होती. तिला ते आवडलेलं दिसलं.

रविवारी पन्नास माणसं आली. दारात जांभळी कमान, आत सिंहासन. मुकुट नातीच्या टकलावरून घसरून गळ्यात आला, तो तिने तिथेच ठेवला. बाईंनी आणलेला विग तिने माझ्या डोक्यावर बसवला. आमच्या नातेवाइकांत सध्या तोच फोटो फिरतो आहे. सुनेने पाहुण्यांना सांगायला दोन दिवस खपून एक वाक्य तयार केलं होतं. ते म्हणायची वेळच आली नाही. इथल्या निम्म्या घरांत कधी ना कधी गुळगुळीत डोक्याचं पोर असतंच. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "तिरुपती हो आए? अच्छा दर्शन हुआ?" सुनेच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने आपल्या मुलीचा तसाच फोटो काढून दाखवला. दहा दिवसांचं युद्ध, आणि या शहराला त्यात काही विशेष दिसलंच नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला.

सिंहासन परत गेल्यावर बायको देवीकडे न्यायची पुरचुंडी बांधत होती. सून तिच्यासमोर येऊन बसली.

"आई, यातली एक बट मी काढून घेतलीय. गुरुवारीच."

बायकोने गाठ मारली. बराच वेळ ती घट्ट करत राहिली.

"कुठे ठेवलीस?"

"कपाटात. पाकिटात."

"पाकिटात तुटतात केस," बायको म्हणाली. उठून तिने आपल्या नथीची मखमली डबी आणली, नथ काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि डबी सुनेला दिली. मग दोघी ती बट डबीत कशी वळवून ठेवायची याच्या मागे लागल्या. नथ हातात घेऊन मी तसाच बसून होतो. ही आता कुठे ठेवायची, हे मी दोनदा विचारलं.