शेंदराची खोळ

ती फिर्याद आठवली की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. बायको म्हणते, आता तो दगड सोडा एकदाचा. मी सोडत नाही. खटला अजून उभा आहे, म्हणून कुणाचंही नाव घेणार नाही. पण गप्पही बसणार नाही.

तेव्हा मी कन्नड तालुक्यातल्या एका ठाण्याला सहायक पोलीस निरीक्षक होतो. पिशोरच्या पलीकडे डोंगरात आमच्या हद्दीतली शेवटची गावं होती. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेव्हा पंचावन्नच्या आसपासची एक बाई दारात येऊन उभी राहिली. एकटीच होती. खेड्यातली बाई ठाण्यात एकटी आली म्हणजे समजायचं, घरचं कुणी तिच्या बाजूनं नाही.

तिच्या गावामागच्या डोंगरात एक छोटं लेणं आहे. पर्यटकांच्या यादीत नाही, पाटी नाही, रखवालदार नाही. लेण्याच्या दाराशी गुडघ्याएवढा एक दगड होता. गाव त्याला म्हसोबा म्हणायचं आणि दर रविवारी तेल-शेंदूर लावायचा मान या मावशीच्या सासरकडे होता. नवरा गेल्यावर मावशीच ते करायच्या. त्या रविवारी गेल्या तर जागा रिकामी.

चोरी एवढीच. पण गावानं तिचा वेगळाच अर्थ लावला. बाईच्या हातून सेवेत खोट झाली, म्हणून देव उठून गेला, असं लोक बोलू लागले. मावशींच्या मुलीची सोयरीक ठरली होती. पोराकडच्यांनी निरोप धाडला, ज्या घरावर देव रुसला तिथली मुलगी नको. म्हणून ती माउली दोन बस बदलून आमच्याकडं आली होती. तिला देव तर पाहिजेच होता. पण देव पायांनी गेला नाही, कुणीतरी उचलून नेला, हे गावापुढं सिद्ध करून पाहिजे होतं.

ठाणे अंमलदार रजेवर होता, म्हणून फिर्याद मी स्वतः लिहून घेतली. मावशी सगळं सांगत होत्या. शेंदूर दोन बोटं जाड झाला होता, अवंदा त्या थरांची खोळ, म्हणजे कवचच, सुटून पडायला आली होती, पडली की लाल फडक्यात बांधून पैठणला गंगेत सोडायची असते, तोवर ती भुईला टेकवायची नसते. मी म्हटलं, मावशी, हे नको, कामाचं तेवढं सांगा. आणि मालाच्या वर्णनात काय लिहिलं? 'शेंदूर लावलेला दगड, एक.' गुन्हा दाखल, अंगठा घेतला, पुढचा कागद घेतला. माझ्या अख्ख्या नोकरीतलं सगळ्यांत आळशी वाक्य ते.

दोन आठवडे काही हाती लागलं नाही. घटनास्थळाचा पंचनामा केला, तिथं जीपच्या चाकांचे ठसे आणि वटवाघळं यांच्याशिवाय काही नव्हतं. मग एका दुपारी शहरातल्या छावणी भागातून फोन आला. मी पूर्वी तिथल्या ठाण्याला होतो, तेव्हा बाजारातल्या एका दगडकाम करणाऱ्या चाचांशी ओळख झाली होती. कबरींवर नावं कोरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. बदली झाल्यावरही माणसं आपल्याला फोन करतात, हीच पोलिसाची खरी मिळकत. बाकी सगळं सरकारजमा होतं.

चाचांकडं एक ड्रायव्हर गोणपाटात गुंडाळलेली मूर्ती घेऊन आला होता. तिला खाली बैठक करून द्यायची, दिवाणखान्यात ठेवायची आहे, म्हणाला. चाचांनी गोणपाट बाजूला केलं, मूर्ती नीट पाहिली आणि काम करायला साफ नकार दिला. ड्रायव्हर निघाला तसा त्यांनी खडूनं गाडीचा नंबर दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवला आणि मला फोन लावला.

"साहब, ये किसी के घर की चीज नहीं है," ते म्हणाले. "किसी की पूजा की है. कान में सिंदूर अभी गीला है."

गाडीच्या नंबरावरून मालक सापडला. शहरातला मोठा माणूस. सातवाहन काळ, वाकाटक काळ, लेण्यांची कला यांवर व्याख्यानं देणारा, घरात काचेची कपाटं असलेला. नाव ऐकून माझे वरिष्ठ चपापले. एका दगडासाठी इतक्या मोठ्या माणसाच्या दारात जीप उभी करायची का, असं मला विचारलं. मी झडतीची परवानगी घेतली आणि करमाडच्या रस्त्याला त्याच्या शेतावरच्या बंगल्यात गेलो.

मूर्ती व्हरांड्यातच होती. मी पहिल्यांदा तिला पाहत होतो, आणि खरं सांगतो, हसूच आलं. ढेरपोट्या बुटका, हात पोटावर, गळ्यात मण्यांची माळ, आणि चेहऱ्यावर असं मिश्कील हसू की आपल्यालाच विचारतोय, एवढा उशीर का लावला? शेंदराचा मागमूस नव्हता. गालावर आणि पायथ्याला पांढरे ओरखडे होते. तारेच्या ब्रशानं घासलं होतं.

बंगल्याच्या साहेबांनी आम्हाला चहा विचारला आणि कागद पुढं केला. पुरातन वस्तूच्या नोंदणीचा जुना कागद होता, त्यावर 'यक्षमूर्ती, दगडी' असं लिहिलेलं आणि सोबत एक अंधूक फोटो. ही वडिलांपासून घरात आहे, म्हणाले. मग माझी फिर्याद मागितली, वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहत म्हणाले, तुमचा तर शेंदराचा दगड हरवलाय, इन्स्पेक्टर. माझ्याकडं दगड नाही, शिल्प आहे.

माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं होतं त्यांनी. मूर्ती तपासणीसाठी ताब्यात घेतली, पण परतीच्या वाटेवर मला कळत होतं, कोर्टात हा माणूस पंधरा दिवसांत ती परत नेणार. कायदा माझ्या हातचा कागद बघणार, मावशीचे अश्रू नाही.

मूर्ती तपासायला पुरातत्त्व खात्याच्या एक तरुण बाई ठाण्यात आल्या. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. सातवाहनांच्या काळात पहिली लेणी खोदली, तेव्हा बुद्धाची मूर्ती करत नसत. चक्र, पाऊलखुणा किंवा रिकामं आसन कोरून दाखवत. दारावर मात्र असे यक्ष ठेवत, राखणीला. पुढं वाकाटकांच्या वेळी अजिंठ्यात बुद्धमूर्ती आल्या, मग चालुक्य आले, राष्ट्रकूट आले, वेरूळ झालं. या छोट्या लेण्यातून भिक्खू कधी गेले कुणाला माहीत नाही. राजे बदलत गेले, हा दारातच राहिला. पुढं कधीतरी कुणा गुराख्यानं त्याला पाहिलं आणि शेंदूर लावला.

मावशी शेजारी बसून ऐकत होत्या. त्या बाई थोड्या संकोचून म्हणाल्या, मावशी, हा म्हसोबा नाही, यक्ष आहे. मला वाटलं, आता मावशी दुखावणार.

"तुमी यक्ष म्हना," मावशी शांतपणे म्हणाल्या. "आमी म्हसोबा म्हनतो. राखन करायचं काम त्याचंच व्हय का नाय?"

त्या बाईंनी हसून मान डोलावली आणि भिंग काढलं. पायथ्याला ब्राह्मी अक्षरांच्या दोन ओळी होत्या, त्या त्यांनी भिंगातून वाचल्या. पैठणच्या कुणा सोनारानं दिलेलं दान. सोनाराचं नाव मात्र अर्धंच उरलं होतं. पुढची अक्षरं ब्रशानं घासून गेली होती, ओरखडे ताजे होते. माझ्या हातातला पेन मी टेबलावर आपटला.

आता प्रश्न होता, डोंगरातून मूर्ती काढून दिली कुणी. मोठ्या माणसाच्या फोनचा तपशील काढला तर एक नंबर गावातलाच निघाला. मावशींचा धाकटा दीर. क्वचित येणाऱ्या पाहुण्यांना लेणं दाखवायचं काम तोच करायचा. गावच्या पारावर लोक वहिनीला बोल लावत होते, तेव्हा हा माणूस त्याच पारावर बसून मान हलवत होता. मी पुष्कळ चोर पाहिलेत आणि बऱ्याच जणांची कीवही आली आहे. याची आली नाही.

त्याला ठाण्यात आणला. हात लावला नाही. मारून माणूस बोलतो, पण आपल्याला पाहिजे ते बोलतो, खरं बोलत नाही. तासभर तो पाऊसपाणी, मका, पोराची शाळा सगळ्यावर बोलला. लेण्याचं नाव काढलं की पाणी मागायचा. तेवढ्यात मला मावशींची फिर्याद आठवली. जे लिहून घ्यायचं मी नाकारलं होतं, ते. मी कागद मिटला, उठलो आणि जाता जाता सहज बोलल्यासारखं विचारलं, "काय रे, ती खोळ कुठल्या उकिरड्यावर टाकलीस?"

तो ताडकन उभा राहिला.

"उकिरड्यावर? साहेब, म्हसोबाची खोळ हाय ती! टाकीन कसा? भुईला टेकवली नाय मी अजून."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मूर्ती हलवताना खोळ सुटली, ती त्यानं घरी आणली होती. लगेच पंचांसमोर निवेदन लिहून घेतलं. पंच मी मुद्दाम त्याच्याच गावचे बोलावले, सरपंच आणि दोन जुनी माणसं. त्याच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांवर, लाल फडक्यात खोळीचे तीन तुकडे बांधून ठेवले होते. पुढं उदबत्तीची राख. अमावस्येला पैठणला नेणार होता. देव विकला, पण देवाची साल टाकायची हिंमत झाली नाही. आपली माणसं अशीच. मोठं पाप पचवतात आणि रीत मोडायला घाबरतात. तेवढ्या भीतीवर माझा अख्खा तपास तरला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात पंचनामा झाला. गाव लोटलं होतं. पुरातत्त्वच्या बाईंनी आधी तुकड्यांची आतली बाजू सगळ्यांना दाखवली. आपण साच्यात गणपती काढतो ना, तसा तो साचाच होता. आत हसरा चेहरा उलटा उमटलेला, माळेचे मणी, पोटावरची बोटं. मूर्तीच्या डाव्या कानातलं कुंडल अर्धं तुटलेलं होतं, खोळीतही ते तसंच अर्धं. मोठ्या माणसाच्या कागदावरच्या फोटोत दोन्ही कुंडलं धड होती, म्हणजे तो कागद दुसऱ्याच मूर्तीचा. बाईंनी तुकडे हळूच मूर्तीला लावले आणि ते चपखल बसले.

मग सरपंच पुढं आले, मावशींपुढं हात जोडले आणि म्हणाले, वहिनी, आमचं चुकलं. पोराकडची दोन माणसंही गर्दीत होती. त्यांना मीच निरोप पाठवून बोलावलं होतं. नियमात बसत नसेल, तर न बसो. ती सोयरीक टिकली आणि लग्नही झालं.

पण माझा राग तिथं संपला नाही. त्या मोठ्या माणसाला जबाबासाठी बोलावलं तेव्हा त्यानं मला ऐकवलं, अडाणी लोकांनी शेंदूर फासून कलाकृती विद्रूप केली होती, मी तिला मोकळं केलं, माझे आभार माना. त्यावर पुरातत्त्वच्या बाईंनी खोळीचा खालचा तुकडा उलटा करून त्याच्यापुढं धरला. आत दोन ओळी उमटल्या होत्या, उलट्या, पण धडधाकट. सोनाराचं पूर्ण नाव. पाऊस, वारा, वटवाघळं सगळ्यांपासून शेंदरानं ते जपलं होतं. त्यानं पाहिलं, वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला. लाज त्याला तेव्हाही वाटली नाही.

दिरानं गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली, भोगून आला. मोठा माणूस जामिनावर आहे, तारखांवर तारखा घेतोय. मध्यंतरी पेपरात त्याच्या व्याख्यानाची बातमी होती, वारसा जपण्याची जबाबदारी या विषयावर. मी पेपर फाडून टाकला. मूर्ती खात्याच्या ताब्यात आहे, खोळ अजून मुद्देमालात.

गेल्या तारखेला मावशी भेटल्या. त्या दर वेळी एकच विचारतात, खोळ गंगेला कधी सोडायची? या खेपेला मी त्यांना खरं सांगितलं. मावशी, त्या सोनाराचं नाव आता फक्त त्या खोळीवर उरलंय, खटला संपला तरी ती जपून ठेवायची म्हणतात, पण तुमचा मान आहे, तुम्ही म्हणाल तसं अर्ज करू. त्या कोर्टाच्या पायरीवर बसल्या.

"मानसाचं नाव हाय म्हनता, तर पान्यात कसं सोडावं?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

या तपासानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच शिकवलं की फिर्यादी बोलत असतो तेव्हा पोलिसानं पेन चालवावा, तोंड नाही. ज्याला ती अक्षरं वाचता येत होती, त्यानं ती घासून टाकली. मावशींना स्वतःची सहीसुद्धा येत नाही. फिर्यादीच्या कागदावर त्यांचा अंगठा आहे, आणि त्या अंगठ्याच्या वर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे, दगड, एक.